एक्सप्रेसवेवर ‘सगळे १२० ने जातात’ म्हणणाऱ्यांनो, सगळे म्हणजे कोण हो?

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. एकदा सोसायटीच्या, एकदा शाळेच्या बॅचच्या आणि परवा तर खुद्द सासरेबुवांकडून, वर ‘वाचनीय’ लिहून. लांबलचक आहे, सार एवढंच की मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सगळे १२० ने जातात, तुम्ही १०० ची लिमिट पाळत बसलात तर तुम्हीच अडथळा, ॲक्सिडेंट स्पीडने नाही तर स्पीडच्या फरकाने होतात, अमेरिकेत हे रिसर्चने सिद्ध झालंय, लिमिट जुनी आहे गाड्या नव्या आहेत, वेळ वाचतो, खरा त्रास उजव्या लेनमध्ये रेंगाळणाऱ्यांचा, आणि बोर्ड फक्त चलान फाडायला लावलेत. म्हणून शहाण्याने फ्लोबरोबर जावं.

मी चिंचवडहून नवी मुंबईला आठवड्यातून तीनदा जातो, सात वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मीही असाच ‘फ्लोवाला’ होतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हा अंकल लोकांसारखा उपदेश करतोय.

तर पहिलं, ‘सगळे १२० ने जातात’. सकाळी सातला उर्से टोल सोडला की जरा नजर टाका. डावीकडे कंटेनरचे ट्रेलर ५०-५५ ने, मध्ये टेम्पो, बस आणि निम्म्याअधिक साध्या कार ८० ते १०० च्या मध्ये कुठेतरी, आणि उजवीकडे पांढऱ्या एसयूव्ही १३० ने. यातला फ्लो कुठला ते सांगा. इथे एक फ्लो नाहीच, तीन लेनमध्ये तीन वेगळे आहेत, आणि ट्रकवाल्याने लेन सोडली की चौथा.

मग आपल्याला ‘सगळे’ फास्ट का वाटतात? हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही १०० ने जाताय, तर जो तुमच्यासारखाच १०० ने जातोय तो तुम्हाला आख्ख्या रस्त्यात भेटतच नाही, तो दोन किलोमीटर पुढे असेल नाहीतर दोन किलोमीटर मागे, आणि तसाच राहणार. लक्षात राहतात ते फक्त तुम्हाला ओव्हरटेक करून जाणारे, एकामागून एक, हेडलाईट मारत. म्हणून डोक्यात बसतं की आपणच तेवढे स्लो. लिमिट पाळणारे एकमेकांना दिसत नाहीत, बाकी काही नाही.

आता दुसरा मुद्दा, जो मेसेजचा प्राण आहे, की स्पीडपेक्षा स्पीडचा फरक धोकादायक. बरं, मानलं, फरक धोकादायक असतोच. मग गणित करू ना. ट्रक ५० ला आहे. मी १०० ला, फरक ५०. तुम्ही १३० ला, फरक ८०. मग फरक वाढवतंय कोण? लोणावळ्याकडे चढताना एक ट्रेलर दुसऱ्या ट्रेलरला ओव्हरटेक करायला निघतो, क्लीनरचा हात खिडकीतून बाहेर येतो, तोच इंडिकेटर, आणि ४० फुटी धूड हळूहळू मधल्या लेनमध्ये यायला लागतं. तेव्हा १३० वाल्याला फरकाचा सिद्धांत आठवायला वेळ नसतो. मेसेज लिहिणाऱ्याने फरक मोजताना फक्त आपल्यापेक्षा थोडं हळू जाणाऱ्या कार मोजल्यात, ट्रक मोजलेच नाहीत. आपल्याकडे ट्रक वगळून रस्त्याचा विचार करणं म्हणजे भात वगळून वरण-भात.

आणि अजून एक, २०२४ पासून एक्सप्रेसवेवर ते कॅमेऱ्यांचे मोठे सांगाडे लागलेत. सांगाडा लांबून दिसला की हेच फ्लोवाले १२५ वरून एकदम ९५ ला येतात, मागे लाल दिव्यांची रांग, सांगाडा गेला की परत ॲक्सिलरेटर. लिमिटमध्ये चालणाऱ्याला तिथे पाय पण हलवावा लागत नाही. फरक नको म्हणणारेच दर काही किलोमीटरवर फरक तयार करतायत.

‘अमेरिकेतला रिसर्च’. मेसेजमध्ये नाव नाही पण हा १९६४ चा डेव्हिड सॉलोमन यांचा रिपोर्ट आहे, इंटरनेटवर या वादात कायम तोच फिरतो. त्यात इंग्रजी यू सारखा कर्व्ह आला होता, म्हणजे सरासरीपेक्षा फार फास्ट आणि फार स्लो, दोघांचे ॲक्सिडेंट जास्त. पण ते रस्ते १९५० च्या दशकातले, ग्रामीण, आजूबाजूने फाटे फुटणारे, आणि ‘स्लो’ मध्ये वळायला किंवा थांबायला हळू झालेल्या गाड्याही धरलेल्या. ॲक्सिडेंटच्या आधीचा स्पीड पण रिपोर्टमध्ये अंदाजाने लिहिलेला. १९७१ च्या दुसऱ्या अमेरिकन अभ्यासात वळणाऱ्या गाड्या बाजूला काढल्या तर स्लोवाल्यांचा तो धोका बराच खाली आला. पुढे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲडलेडला ६० च्या लिमिटच्या रस्त्यांवर अभ्यास झाला, तिथे ६० च्या वर दर ५ किमीला धोका जवळपास दुप्पट होत गेला आणि हळू जाणाऱ्यांना जास्त धोका दिसलाच नाही. गंमत म्हणजे सॉलोमनच्याच रिपोर्टमध्ये हेही आहे की स्पीड वाढला की ॲक्सिडेंटमधली इजा झपाट्याने वाढते. हे पान फॉरवर्ड करताना गळालं असणार.

‘गाड्या नव्या आहेत, ब्रेक भारी आहेत’. हो, आहेत, पण डोळ्याने बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ तोच आहे जो आजोबांच्या फियाटमध्ये होता. दीड सेकंद धरा. १०० ला त्या दीड सेकंदात ४२ मीटर गेले, मग कोरड्या रस्त्यावर दाबून ब्रेक मारला तर अजून साधारण ५५, एकूण ९७. १२० ला ५० अधिक ७९, म्हणजे १२९. लोक म्हणतात, ३२ मीटरचाच तर फरक. पण उलटा विचार करा, १०० वाला जिथे पूर्ण थांबला, त्याच जागी १२० वाला अजून ७५ च्या आसपास स्पीडमध्ये आहे. म्हणजे पुढे बंद पडलेला टेम्पो असेल तर एकाला घाम फुटला आणि दुसरा ७५ ने त्यात घुसला. हे कळलं त्या दिवशी मी गप्प बसलो होतो, खरं सांगतो.

आमच्या कारपूलमध्ये एक काका आहेत, माणूस सोन्यासारखा, गाडी नवीकोरी. जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या कारमध्ये ८० च्या वर गेलं की अधूनमधून बीप होतो आणि १२० च्या वर गेलं की तो थांबतच नाही, टुण टुण टुण टुण. काका त्यावर नाट्यसंगीत मोठ्याने लावतात. कामशेत बोगद्यात मी म्हटलं, काका जरा हळू घ्या ना, तर म्हणाले, ‘अरे ती गाडीची सवय आहे रे, लक्ष नको देऊस.’ गाडीची सवय! मागे बसलेली मुलगी सीटबेल्ट चाचपत होती ते मला आरशात दिसत होतं.

‘वेळ वाचतो’. एक्सप्रेसवे ९४.५ किमी. घाट सोडला तर साधारण ८० किमी मोकळे. १०० ने ४८ मिनिटं, १२० ने ४०. आठ मिनिटं, ती पण एकदाही ब्रेक लागला नाही तर, आणि असा दिवस मी सात वर्षांत बघितला नाही. कळंबोलीला उतरल्यावर सिग्नल आहेतच. फूड मॉलला वडापावच्या लाईनमध्ये यापेक्षा जास्त जातात.

‘लिमिट जुनी आहे’. यात थोडा दम आहे. रस्ता २००२ ला पूर्ण सुरू झाला, आणि २०१८ मध्ये केंद्राने एक्सप्रेसवेवर कारची कमाल मर्यादा १२० पर्यंत नेली होती, पण राज्याला त्याखाली ठेवता येते. समृद्धीवर आहेच की १२०. मग समृद्धीवर सगळे १२० ने शिस्तीत जातात का? तिकडे उजव्या लेनचा ‘फ्लो’ १४० चा आहे. १४० केली तर १६० होईल. फ्लोला स्वतःचा आकडा नसतो, तो लिमिटच्या वर वीस असतो. आणि लिमिट नसलेल्या जर्मन हायवेचं उदाहरण देणाऱ्यांनी जर्मनीसारखं डावी-उजवी लेनही पाळून दाखवावं, मग बोलू.

‘चलान फाडायलाच लावलेत’. असेल, दोन हजार कोणालाच देववत नाहीत, माझंही एक आलंय, खालापूरच्या पुढचं, १०९ होता. चिडलो, भरलं. पण ‘बाकीचे पण जात होते’ हे कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये कुठेच नाही. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले आणि त्यातले ७१ टक्के ओव्हरस्पीडिंगच्या खात्यावर आहेत. आता पोलीस पंचनाम्यात दुसरं काही सुचलं नाही की ओव्हरस्पीड लिहितात हे मलाही माहितीये, त्यामुळे ७१ वर मी शपथ घेणार नाही. पण निम्मे सोडून दिले तरी साठ हजार माणसं होतात.

मेसेजमधली एक गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे, ती मुद्दाम शेवटी ठेवली. काही लोक ७० ने उजव्या लेनमध्ये बसतात, वर म्हणतात ‘मी लिमिटमध्ये आहे’. अरे बाबा, ती लेन ओव्हरटेकची आहे, तुझ्या मालकीची नाही, तुझ्यामुळे लोक डावीकडून ट्रकच्या फटीतून घुसतात. यांच्यावर कोणी मेसेज लिहिला तर मी स्वतः पाच ग्रुपवर टाकेन, सासरेबुवांना आधी, कारण ते पण तेच करतात.