‘ब्राइडग्रूम’मधला ‘र’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एवढी वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाने वेळ काढून इतकं सविस्तर लिहिलं, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

‘ब्राइडग्रूम’ म्हणजे नवरदेव, आणि त्यातल्या ‘ग्रूम’चा घोड्याच्या मोतद्दाराशी मुळात संबंध नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की कोशात ‘ग्रूम’ या एकाच नोंदीखाली मोतद्दार आणि नवरदेव हे दोन्ही अर्थ दिलेले असतात. लग्नाच्या दिवशी नवरा नवरीच्या पानात वाढायचा म्हणून तो ‘नवरीचा चाकर’, असं तुम्ही पूर्वी वाचलं आहे. आणि मी पुरावा न देता मत ठोकून दिलं. शेवटचा आक्षेप मान्य आहे. पुरावा तेव्हाच द्यायला हवा होता.

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘ब्रूदगुमा’ असा होता. ‘ब्रूद’ म्हणजे नवरी, ‘गुमा’ म्हणजे पुरुष. नवरीचा पुरुष, एवढाच अर्थ. बायबलमध्ये दहा कुमारिकांचा दृष्टांत आहे: मध्यरात्री हाक येते, नवरदेव आला, त्याला सामोऱ्या जा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी शुभवर्तमानात त्या ठिकाणी ‘ब्रूदगुमा’ हाच शब्द आहे. ‘र’ आहे तो ‘ब्रूद’मध्ये, ‘गुमा’मध्ये नाही.

आता शेजारच्या भाषा पाहा. जर्मन ‘ब्रॉयटिगाम’, स्वीडिश ‘ब्रूडगुम’, डॅनिश ‘ब्रुडगोम’. सगळ्या एकाच घरच्या लेकी, आणि दुसऱ्या पदात ‘र’ कुणाकडेच नाही. एकट्या इंग्रजीत तो आहे, म्हणजे तो तिथेच मागाहून शिरला. माझ्या मते हा एवढा पुरावाच पुरेसा आहे.

शिरला कसा? ‘गुमा’ हा सुटा शब्द काळाच्या ओघात बोलण्यातून गेला. जोडशब्दात मात्र त्याचं शेपूट राहिलं, आणि ते कुणाला कळेना. त्याच्याच जवळपास ऐकू येणारा एक जिवंत शब्द होता, ‘ग्रोम’. लोकांनी न कळणाऱ्या पदाच्या जागी कळणारं पद बसवलं. बायबलचा इंग्रजी अनुवादक विल्यम टिंडल, त्याच्या १५२६च्या छापील नव्या करारात ‘ब्राइडग्रोम’ दिसतो. त्याच्या आधी, चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या बायबलमध्ये, त्या दृष्टांतात ‘स्पाउज’ हा वेगळाच शब्द घातलेला आहे.

मोतद्दाराचा मुद्दा इथेच सुटतो. ‘ग्रोम’चा जुना अर्थ मुलगा, पोरगा; पुढे घरातला किंवा दरबारातला सेवक. नुसतं ‘ग्रूम’ म्हटलं की घोड्याची निगा राखणारा, हा अर्थ रूढ झाला सतराव्या शतकात. तोवर नवरदेवाच्या शब्दात ‘र’ बसून शंभर वर्षं होऊन गेली होती. आणि नुसत्या ‘ग्रूम’ला नवरदेव म्हणणं ही तर ‘ब्राइडग्रूम’चीच काटछाट. कोशात दोन्ही अर्थ एकाखाली एक दिसतात ते म्हणून. ते एकाच पोटचे नाहीत.

पण एका बाबतीत तुमचं बरोबर आहे, सर. ‘ग्रूमला चाकर असा अर्थ तेव्हा नव्हताच’ असं मी लिहून गेलो होतो. ते चूक होतं. सोळाव्या शतकात तो अर्थ होता, आणि ‘ब्राइडग्रोम’ ऐकताना कुणाच्या मनात तो आलाही असेल. पानात वाढण्याची गोष्टही तशीच, शब्द बदलल्यावर त्याला अर्थ लावण्यासाठी जुळवलेली. ‘ब्रूदगुमा’ म्हणणाऱ्याला तिची गरजच नव्हती.

तुम्हाला या शब्दात दिसलेला मोतद्दार नोआ वेब्स्टर या अमेरिकी कोशकारालाही दिसला होता, आणि त्याला तो खटकला. १८२८च्या आपल्या कोशात त्याने हा शब्द चक्क ‘ब्राइडगूम’ असा, ‘ग’नंतरचा ‘र’ काढून छापला. ‘ब्राइडग्रूम’चा अर्थ नवरीचा मोतद्दार असा होतो, ही भाषेला लाज आणणारी चूक आहे, असं त्याने तिथेच बजावलं. अमेरिकेने त्याची कितीतरी स्पेलिंगं उचलली, पण ही नाही उचलली. तीनशे वर्षं लोकांच्या तोंडी बसलेला ‘र’ कोशकाराच्या सांगण्याने निघाला नाही.

‘जुनी मढी उकरून मराठी वाचकाला काय मिळणार’ असंही तुम्ही विचारलंय. हा प्रश्न मला मनापासून लागला, कारण मला जे मिळालं ते फार मोलाचं वाटतं. ‘गुमा’चा लॅटिन भाऊ ‘होमो’, म्हणजे माणूस. दोघांचं मूळ जमिनीच्या अर्थाच्या धातूत आहे. माणूस म्हणजे भूमीवरचा. त्याच मुळातून संस्कृतात ‘क्षम्’, पृथ्वी, आणि फारसीत ‘जमीन’. फारसीतून ती आपल्याकडे आली आणि सातबाऱ्यावर जाऊन बसली. म्हणजे इंग्रजांनी जो ‘गुमा’ हरवला, त्याचं नातं तलाठ्याच्या दप्तरापर्यंत पोचतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कोश मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

आणि आपला ‘नवरा’ घ्या. व्युत्पत्ती सांगतात ती ‘नववर’, नवा वर. पण लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी बाई ‘माझा नवरा’ म्हणते, त्यातला ‘नव’ कुणाला ऐकू येत नाही. तो ऐकू येईना म्हणूनच तर बोहल्यावरच्यासाठी ‘नवरदेव’ असा वेगळा शब्द लागतो.

मूळ लेखातलं ते चुकीचं वाक्य आज बदललं आहे आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे. अजून कुठे अडत असेल तर जरूर लिहा.