बाप्तिस्मा झालेला, पण दाखल्यावर हिंदू

नगरला आमच्या कट्ट्यावर परवा आवाज चढले ते एका निकालावरून. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका बाईंना अनुसूचित जातीचा दाखला नाकारला. बाईंचा बाप्तिस्मा झालेला, चर्चला जाणं नियमित, आणि नोकरीसाठी मात्र त्या स्वतःला हिंदू म्हणवत होत्या. ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असं न्यायालय म्हणालं.

"योग्यच आहे," वकील म्हणाला. "येशूला प्रभू म्हणायचं आणि अर्जात नाकारायचं, हे कसं चालेल? येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, त्याला नाकारलं तेव्हा निदान तो नंतर रडला तरी."

हे भाऊंना लागलं. भाऊ वायरिंगची कामं करतात. तीन पिढ्यांचं घर मिशनचं, पण दाखल्यावर हिंदू महार. रविवारची उपासना त्यांनी कधी चुकवलेली मला आठवत नाही. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते. १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध आले. आम्ही ख्रिस्ती अजून बाहेरच. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं माझी जात धुऊन निघाली असं सरकार समजतं. मग गावात अजून आमची वस्ती वेगळी का?"

यावर वकिलाकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर कुणाकडेच नसतं. तिरुचिरापल्लीला एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवायला भिंत घातलेली आहे. माणूस मेल्यावरही जात सुटत नाही, आणि तेही चर्चच्याच जागेत.

देशपांडे सर हिंदू, पण ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांवर आमच्यापेक्षा जास्त वाचलेले. ते म्हणाले, "टिळकांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर फुटलं, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. ख्रिस्ताचं नाव घ्यायचं तर असं उघड घ्यावं."

"पण सर, त्याच टिळकांनी १९१७ला मिशन सोडून साताऱ्यात देवाचा दरबार मांडला," मी म्हणालो. "तिथं बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघंही चालायचे, फक्त ख्रिस्ताच्या मागं यायची तयारी हवी. स्वतः एवढी किंमत मोजलेल्या माणसानं शेवटी रजिस्टर बाजूला ठेवलं."

पंडिता रमाबाईंचंही तेच. १८८३ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टरांशी वाद सुरू. ख्रिस्ताला मानते, पण तुमच्या पंथाची प्रत्येक गोष्ट मानायला मी बांधलेली नाही, ही त्यांची भूमिका. पुढे केडगावला दुष्काळातल्या मुली, विधवा, अंध बायका त्यांनी जवळ केल्या. त्यांचं ख्रिस्तीपण मला तिथं दिसतं.

वकील मागं हटेना. "म्हणजे मनात येशू असला की पुरे? मग चर्चची मंडळी कशाला, प्रभुभोजन कशाला?"

हा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. एकट्यानं घरात बसून ख्रिस्ती होता येत नाही. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पहिली मंडळी दिसते ती जमिनी विकून पैसा एकत्र करणारी, ज्याला गरज त्याला देणारी. त्या मंडळीत नाव लावणाऱ्याला उपाशी राहायची भीती नव्हती. आज आपण भाऊंना सांगतो की ख्रिस्ती म्हणून खरं नाव लावा, आणि त्याची सगळी किंमत त्यांच्या एकट्याच्या गळ्यात टाकतो. नामधारी कोण मग? दाखला जपणारे भाऊ, की ज्यांना दाखल्याची गरजच नाही अशी आमच्यासारखी बरी नोकरी असलेली घरं?

"तुझं बोलणं गोड आहे," भाऊ म्हणाले. "माझ्या पोरीची नर्सिंगची ॲडमिशन जूनमध्ये आहे. ख्रिस्ती लिहिलं तर सवलत गेली. फी कोण भरणार?"

"मंडळीनं भरायची," मी म्हणालो. "नाताळच्या रोषणाईला, मंडपाला वर्गणी निघतेच ना? चर्चच्या जमिनींचे खटले लढायलाही ठिकठिकाणी पैसा उभा राहतो. मग नाव लावणाऱ्या पोरांच्या फीला का नाही?"

सर म्हणाले, कायदा बदलायची मागणी यामुळे सुटता कामा नये. ते खरंच आहे. बौद्धांना १९९०ला जे मिळालं ते ख्रिस्ती दलितांना नाकारायला मला तरी एकही धड कारण दिसत नाही. जात धर्म बदलल्यानं गेली असती तर ही मागणी उरलीच नसती. पण कायदा बदलेपर्यंत मंडळीनं हात बांधून बसावं, हे ख्रिस्ताच्या शिकवणीत कुठं बसतं?

वकील बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फीच्या फंडाची नियमावली मी करून देतो. फुकट."

"आधी कमिटीत विषय तर घ्या," भाऊ म्हणाले. "पहिली पावती फाटली की माझ्या दाखल्याचं बोलू."

कमिटीची बैठक पुढच्या रविवारी उपासनेनंतर आहे. विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा म्हणून मी सेक्रेटरींना चिठ्ठी दिली आहे.