रिव्हेटवाले आणि बोल्टवाले

2014 साली एबीयू रोबोकॉन, म्हणजे कॉलेजातल्या पोरांनी बनवलेल्या रोबोंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, पुण्यात झाली, तेव्हा मी हौसेनं बघायला गेलो होतो. ते रोबो कुणाच्या तरी बापाच्या हॉलमध्ये तयार झाले असतील, ही शंका मनाला शिवली नाही.

कॉलेजचं वर्कशॉप संध्याकाळी बंद होतं, आमचा हॉल होत नाही. म्हणून लेकीची रोबो बनवणारी सगळी टीम ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपांसकट आमच्याकडे मुक्कामाला आली. सोफा गॅलरीत गेला. पाठोपाठ मीही.

पाइप कापून तयार होते. जोडायचे कशाने, एवढंच ठरायचं होतं आणि तेच ठरत नव्हतं. लेक रिव्हेटवाल्यांची पुढारी. रिव्हेट म्हणजे दोन तुकडे कायमचे जोडणारी, बिनआट्यांची खीळ. रिव्हेट एकाच बाजूनं मारता येतो, पाइपच्या पोटात नट धरून बसावं लागत नाही, वजन नावापुरतं, आणि रोबो कितीही थरथरला तरी तो ढिला पडत नाही. बोल्टवाल्यांचा म्होरक्या एक चष्मिस मुलगा. तो शांतपणे विचारायचा, "आणि सामन्याच्या आधी मोटर जळली तर?" रिव्हेट काढायचा म्हणजे त्याचं डोकं ड्रिलनं उडवायचं. पण ड्रिल टेकवलं की रिव्हेटच त्याच्याबरोबर गरगर फिरायला लागतो, कापला काही जात नाही.

मग दोन्ही पक्ष मतासाठी माझ्याकडे यायला लागले. मी बँकेतला माणूस. टाचणी आणि स्टेपलर यांच्यापलीकडे या विषयात माझा अधिकार नाही. तरी लेकीची बाजू राखायची म्हणून म्हणालो, "आयफेल टॉवरला 25 लाख रिव्हेट आहेत."

"काका," चष्मिस म्हणाला, "आयफेल टॉवरची चाकं बदलावी लागत नाहीत."

पोरगं हुशार आहे. पोहेही तिसऱ्यांदा घेतो.

शेवटी दोन्ही आणून बघू असं ठरलं आणि रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मला धाडण्यात आलं. दुकानदारानं विचारलं, "रिबिट कितीची? 4.8? लांबी? पत्रा किती जाड आहे?" मी म्हटलं, रोबोला लागणारी द्या. मागच्या गिऱ्हाइकानं मला बाजूला सरकवलं आणि दोन किलो खिळे घेतले. फोनवर लेकीनं लांबी सांगितली, चष्मिसानं एम-5चे बोल्ट, नायलॉक नट आणि वायसर. लगेच लेक पुन्हा, "बाबा, 4.9चं ड्रिल बिटही आण." होलसेलवाल्याच्या दारात मी दोन पक्षांचा संयुक्त उमेदवार होऊन उभा.

बोल्टवाल्यांचा पहिला प्रयोग माझ्यासमोरच झाला. पान्यानं जोर लावून आवळल्यावर पोकळ पाइपचे गाल आत गेले. "आत बुश, म्हणजे आधाराची नळी, टाकायला हवी," चष्मिस म्हणाला. "म्हणजे आणखी वजन," लेक म्हणाली. त्यावर अर्धी रात्र वाद. मध्येमध्ये रिव्हेट गनचं 'टक्', आणि प्रत्येक 'टक्'ला खालच्या मजल्यावरून छताला झाडूचा दांडा.

पहाटे कधीतरी तह झाला. फ्रेमच्या कोपऱ्यांवर पट्ट्या लावून रिव्हेट. मोटर आणि चाकं बोल्टनं. बहुतेक जाणती माणसं असंच करतात म्हणे. मग हे आधी का नाही केलं, असं मी विचारलं. दोघांनीही माझ्याकडे, लग्नात मुहूर्ताआधी जेवायला बसलेल्या पाहुण्याकडे बघावं, तसं बघितलं.

उरला बॅटरीचा खण. तो कायमचा की काढता येण्याजोगा? वातावरण परत तापायला लागलं. इतका वेळ कोपऱ्यात मुकाट बसलेला एक फर्स्ट इयरचा पोरगा चाचरत म्हणाला, "झिप टायनं, त्या प्लास्टिकच्या पट्टीनं, बांधून टाकू या ना?"

लेक आणि चष्मिस एकाच वेळी उठून त्याच्या अंगावर धावले.