निळा ठिपका आणि भिकारदास मारुती

पुण्यात पत्ता सांगायची रीत ठरलेली आहे. कोणता मारुती, तिथून कुठल्या हाताला, आणि पुढे कुणाला विचारायचं. भिकारदास मारुती, सोट्या म्हसोबा, खुन्या मुरलीधर अशी खात्रीची दैवतं जागेवर असताना लोक फोन काढून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचावरच्या जीपीएस उपग्रहांना वाट विचारतात. विचारोत बापडे. पण मग उत्तर नीट वाचावं, एवढंच माझं म्हणणं.

फोनच्या नकाशावर निळा ठिपका असतो आणि त्याच्याभोवती फिकट वर्तुळ. सगळे ठिपका बघतात. बघायचं असतं वर्तुळ. ‘तुम्ही बहुधा या घेऱ्यात कुठेतरी आहात, नक्की कुठे ते मला ठाऊक नाही,’ ही फोनची कबुली असते. अशी कबुली पुण्यातल्या चौकात उभा असलेला माणूस मरेपर्यंत देणार नाही.

मोकळ्या मैदानात चूक पाचेक मीटरची. सदाशिव पेठेच्या बोळात तिची पन्नासही होते. फोनला निदान ४ उपग्रह लागतात: तीन जागेसाठी आणि चौथा फोनच्या स्वस्तातल्या घड्याळाचा कान धरायला. उपग्रहाचा संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, त्यामुळे सेकंदाचा दहालाखावा भाग चुकला तरी ३०० मीटरचा घोळ. बोळातून आभाळ दिसतं फूटपट्टीएवढं. बरेचसे संदेश समोरच्या इमारतीवर आपटून, वळसा घेऊन येतात. उशिरा आला म्हणजे उपग्रह लांब आहे, असं समजून फोन तुम्हाला खुशाल मागच्या वाड्याच्या विहिरीत नेऊन ठेवतो.

उंचीचा अंदाज तर याहून कच्चा, कारण सगळे उपग्रह डोक्यावर, पायाखाली एकही नाही. चांदणी चौकात तुम्ही पुलावर की पुलाखाली, हे फोन जवळजवळ छापा-काटा करूनच ठरवतो. तिथे पाटी वाचा.

रिक्षा बोलवायची तर आधी बोळाच्या तोंडाशी या आणि अर्धा मिनिट थांबा. उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. इंटरनेट चालू असेल तर फोन तो तिकडूनच आधी मिळवतो. सेटिंग्जमध्ये त्या ॲपला ‘अचूक लोकेशन’ची परवानगी आहे ना, तेही बघा. घरात मात्र फोन आसपासच्या वाय-फाय राउटरवरून अंदाज बांधतो. कोथरूडचा राउटर हडपसरच्या नव्या घरी नेलात, तर काही दिवस फोनचा मुक्काम कोथरूडलाच राहू शकतो. तसे काही पुणेकरांचेही राहतात.

नकाशावरचा दिशेचा बाण उलटा दाखवत असेल तर दोष उपग्रहाचा नाही, फोनमधल्या होकायंत्राचा. लोहचुंबकाचं कव्हर काढा आणि फोन हातात धरून हवेत चार-पाचदा इंग्रजी आठ काढा. मराठी ८ चालत नाही, दोन्ही वाटोळी पूर्ण व्हावी लागतात. भर लक्ष्मी रस्त्यावर हे करताना कुणीतरी थांबून ‘काय हो, कुठं जायचंय?’ विचारेलच. सांगून टाका. त्याचं सांगून होईपर्यंत बाण सरळ झालेला असतो.