‘जुनं भंगार पोरांच्या गळ्यात बांधू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली, आणि नुसतं ‘धन्यवाद’ टाकून सोडावी अशी ती नाही म्हणून जरा सविस्तरच लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की पहिल्या वर्षाला जाणाऱ्या मुलासाठी तीस-पस्तीस हजारांत ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड (तपासून, दुरुस्त करून परत विकलेला) लॅपटॉप बिनधास्त घ्या, ८ जीबी रॅमवर सुरुवात करा, लागली तर पुढे वाढवा. दादांचं म्हणणं, हे जुनं भंगार गरीब आईबापांच्या गळ्यात बांधू नका, ८ जीबी आज कोणाला पुरतात, आणि त्यापेक्षा हप्त्यांवर का होईना सत्तर हजारांचा गेमिंग लॅपटॉप घ्यावा म्हणजे चार वर्षं बघायला नको. त्यांचा मुलगा यंदा इंजिनिअरिंगला जातोय.

८ जीबीचं तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. मी लिहिताना जुना हिशोब धरला होता, की वर्षभराने एक रॅमची काडी टाकली की काम झालं, पण २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की ‘पुढे वाढवू’ हे आता स्वस्तात होत नाही. शिवाय ब्राउझरमध्ये दहा टॅब, एक ऑनलाइन लेक्चर आणि वर्डची फाइल एवढं उघडलं तरी ८ जीबी काठोकाठ भरतात. तेव्हा घेतानाच १६ जीबीवाला घ्या, ती ओळ मी मूळ लेखातही बदललीय.

पण ‘भंगार’ हा शब्द मला मान्य नाही.

मी गोव्यात फोंड्याला लॅपटॉप रिपेअरच्या टेबलावर अकरा वर्षं बसतेय, माझ्याकडे नवेही येतात आणि जुनेही, आणि कुठले येतात ते मी रोज बघते. गेल्या वर्षी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी सत्तरी तालुक्यातली एक मुलगी वडिलांना घेऊन आली. मेमध्ये काजूच्या बियांचे पैसे हातात आले त्यातून चौतीस हजारांचा कोरा करकरीत लॅपटॉप घेतलेला, पातळ, चंदेरी, दिसायला छानच. चार महिन्यांत उजवीकडची हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, गेली. उघडून बघितलं तर हिंजचा स्क्रू ज्या पितळी नटात बसतो तो नट प्लॅस्टिकमधून उपटून आलेला, आणि झाकण उघडताना स्क्रीनची केबल ओढली जाऊन चेपलेली. पडला नव्हता, आपटला नव्हता, ती बिचारी रोज एका कोपऱ्याला धरून उघडायची एवढंच. वॉरंटीवाल्यांनी ‘फिजिकल डॅमेज’ म्हणून हात वर केले, पार्ट यायला तीन आठवडे लागले, आणि तेवढ्या दिवसांत तिने असाइनमेंट मोबाइलवर टाइप केल्या. माझ्या टेबलासमोर उभं राहून तिच्या वडिलांनी खिशातल्या नोटा दोनदा मोजल्या, ते मला अजून दिसतं. पस्तीस हजारांतल्या नव्या लॅपटॉपात कंपनी पैसे वाचवते ती बहुतेक इथेच, हिंज, कीबोर्ड, बॉडी, स्क्रीन. जाहिरातीत ह्यातलं काही लिहिलेलं नसतं.

ऑफिसचा लॅपटॉप मुळातच रोज बॅगेत टाकून फिरवायला बनवलेला असतो. लेनोवोचा थिंकपॅड टी४८० घ्या, डेलचा लॅटिट्यूड ५४२० घ्या, खालचे स्क्रू काढले की रॅमचे दोन्ही स्लॉट समोर, एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) समोर, आणि चार्जर साधा टाइप-सी, म्हणजे हॉस्टेलवर स्वतःचा विसरला तर मित्राचा चालतो. कंपन्या हे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी शेकड्याने काढतात म्हणून त्यांचे पार्टही मिळतात. जो उघडता येतो आणि ज्याचा पार्ट मिळतो तोच लॅपटॉप चार वर्षं जातो, माझं सगळं म्हणणं ह्या एका वाक्यात आहे.

आणि ‘नवीन ते नवीन’ म्हणता, तर दुकानात ‘रायझन ५, ७००० सीरिज’ असा एएमडीच्या प्रोसेसरचा स्टिकर लावलेला लॅपटॉप दिसला की प्रोसेसरचा पूर्ण नंबर वाचा. ७५२०यू असेल तर त्यातला तिसरा आकडा २, म्हणजे आतले कोअर झेन २ ह्या डिझाइनचे, जे २०१९ साली आले. ७५३०यू असेल तर त्याच्या पुढचं झेन ३. म्हणजे डबा नवा, सील नवं, आत प्रोसेसरचं डिझाइन जुनं. वर त्या ७५२०यूची रॅम बोर्डावर सोल्डर केलेलीच असते, वाढवायची सोयच नाही, ८ घेतली की ८ वरच राहायचं. सेलेरॉन ह्या इंटेलच्या स्वस्तातल्या प्रोसेसरवाल्यांबद्दल तर मी बोलतच नाही, घेऊ नका.

जुन्यालाही मर्यादा आहे हे मी लेखात ठळक लिहायला पाहिजे होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या प्रोसेसरच्या आठव्या जनरेशनपासून (पिढीपासून) पुढे चालते. म्हणून सहावी-सातवी जनरेशन कोणी बारा हजारांत दिली तरी नको. टी४८० बहुतेक आठव्या जनरेशनचा, २०१८चा, म्हणजे अगदी काठावरचा. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलाला कमी पैशांत चालेल, पण तुमच्या मुलाला चार वर्षं काढायची असतील तर अकराव्या जनरेशनचा ५४२० किंवा त्याच्या बरोबरीचा बघा.

काउंटरवरून उचलण्याआधी मात्र अर्धा तास द्या, दुकानदार घाई करतो म्हणून घाई करू नका. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, मग स्पेस, मग ‘स्लॅश बॅटरीरिपोर्ट’ टाइप केलं की एक फाइल बनते, तीत डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर बॅटरी बदलून मागा. ट्रॅकपॅड चारी कोपऱ्यांत दाबून बघा, क्लिक नीट होत नसेल तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगला) पासवर्ड आहे का ते बघाच, कारण जुन्या कंपनीचा लॉक राहिला असेल तर पुढे फार त्रास होतो. आणि पक्कं जीएसटी बिल, त्यावर सिरीयल नंबर, निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी. हे देत नसेल त्या दुकानाच्या पायऱ्या उतरा. तुम्हाला जी भीती वाटते ती अशाच दुकानांमुळे आहे आणि ती खरी आहे.

आता गेमिंग लॅपटॉप. सव्वादोन-अडीच किलोचा तो, वर अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजनाचा चार्जर. वाळपईहून किंवा डिचोलीहून सकाळची कदंब बस पकडून, फोंड्याला बदलून फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला जाणाऱ्या पोराच्या पाठीवर जुलैच्या पावसात हे ओझं चार वर्षं, आणि बॅटरी अशी की तीन तासांत प्लग शोधायचा. वर्गात साठ पोरं आणि भिंतीला प्लग किती असतात ते तुम्हीच बघून या. महिन्याभरात तो लॅपटॉप घरीच राहायला लागतो, हे मी खूप घरांत बघितलंय.

काहींना तो लागतोच, त्यात वाद नाही. पणजीत आल्तिन्होला आर्किटेक्चरला जाणारा मुलगा असेल, थ्रीडी मॉडेल रेंडर करायची असतील, व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर ग्राफिक्स कार्ड हवं, तिथे मी स्वतः सांगेन की घ्या. पण इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्या ब्रँचना जवळपास सारखंच असतं, गणित, फिजिक्स, थोडं सी किंवा पायथनमधलं प्रोग्रामिंग, इंजिनिअरिंग ग्राफिक्सची ड्रॉइंग. एवढ्याला १६ जीबीचा साधा लॅपटॉप पुरून उरतो. मेकॅनिकलला जाऊन सॉलिडवर्क्स ह्या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या असेंब्ल्या करायची वेळ आली तर ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला, आणि तेव्हा कॉलेजची लॅब असते. कॉम्प्युटरवाल्याने अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) एम्युलेटरसकट, म्हणजे आतल्या नकली फोनसकट, चालवायचं म्हटलं तरी गूगल किमान १६ जीबी रॅम सांगतं.

आणि हप्ते काढून घेऊ नका दादा, हे मी अगदी हात जोडून सांगते. बसमध्ये लॅपटॉप भिजला, कोणी उचलून नेला, तरी हप्ता थांबत नाही. पस्तीसमध्ये भागवलंत तर उरलेले पस्तीस तुमच्याकडे राहतात. गोव्यात मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना पीसी मिळायचे, आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर तोच आला, आणि तो बंद पडला तेव्हा घाबरत घाबरत उघडून रॅम पुसून परत बसवली, तिथून माझं हे काम सुरू झालं. पोराच्या हातात असं काही द्या जे त्याला उघडून बघता येईल.

शेवटचं, कारण कॉलेज ऐन पावसात सुरू होतं. लॅपटॉप बॅगेत ठेवताना आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, बॅगेचं रेनकव्हर वेगळं. घरी आल्यावर लगेच चार्जिंगला लावायचा नाही, बाहेर काढून पंख्याखाली अर्धा तास ठेवायचा, कारण चार्जिंगच्या पोर्टात हिरवा गंज चढलेले लॅपटॉप माझ्याकडे ऑगस्टमध्ये येतातच येतात. कपाटात बंद करून आठवडाभर ठेवायचा नाही, आपल्याकडच्या दमटपणात स्क्रीनच्या आत बुरशीचे डाग पडतात आणि ते पुसता येत नाहीत. विजा चमकायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढायचा.

मुलाची ब्रँच आणि रोज कुठून कुठे जाणार ते इथेच खाली लिहा, दुकानात जायच्या आधी दोन-तीन मॉडेल मी नंबरसकट सांगते. आणि गेमिंगवाला आधीच बुक केला असेल तर काही हरकत नाही, दिवाळीच्या सुट्टीत घेऊन या, पंख्यातली धूळ साफ करून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून देते.