‘बगळे दाखवून करिअर होत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शाळेच्या पोरांना नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नेलं त्या लेखावर तुमची कमेंट वाचली. "पोरांना बगळे दाखवून करिअर होत नाही, हे खाऊनपिऊन सुखी लोकांचे शौक आहेत. पर्यावरणात नोकऱ्या किती, पगार किती, ते लिहा."

आधी तुमचं बरोबर आहे ते मान्य करतो. नाशिकजवळच्या बोरगडला मी लेखात अभयारण्य लिहिलं होतं, ती चूक तुम्ही दाखवलीत; ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, २००८ साली जाहीर झालेलं. दुरुस्ती केलीय.

पण ‘खाऊनपिऊन सुखी’? अहो, कोणाबद्दल बोलताय तुम्ही? मी निफाड तालुक्यातला, घरी दीड एकर कांदा, आणि कांदा पडला की त्या वर्षी नवीन वह्या नाहीत एवढं साधं गणित होतं आमचं. आठवीत सरांनी आम्हाला नांदूर मध्यमेश्वरला नेलं, वर्गणी २० रुपये होती, माझी सरांनी भरली. दुर्बीण एकच, पोरं चाळीस, माझ्या वाट्याला एक मिनिट आलं असेल. त्या मिनिटात चमचा पक्षी दिसला, चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवत चाललेला, आणि सर म्हणाले की हा चोचीला लागेल तेच खातो, म्हणजे या गाळात जे येतं ते याच्या पोटात जातं. गोदावरी नाशिकहून काय काय घेऊन येते हा प्रश्न मला तिथं पडला, पुस्तकात नाही! आज मी एमआयडीसीत एका कंपनीचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, सांभाळतो, सांडपाण्याचा सीओडी (पाण्यातल्या घाणीचं एक माप) वाढला की रात्री दोनला मला फोन येतो. याला शौक म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग माझ्या सरांनी भरलेल्या त्या २० रुपयांनाही शौकच म्हणावं लागेल आणि ते मी ऐकून घेणार नाही.

माझा मुद्दाच तुम्ही वाचला नाहीत असं वाटतं. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच पर्यावरण विषय सक्तीचा करायला सांगितलं, आज कॉलेजात तो पेपर सगळे देतात, प्रोजेक्ट कोणाचा तरी बघून उतरवतात आणि विसरतात. पेपरने ओढ लागत नाही, पाण्याकाठी नेणारं माणूस लागतं, एवढंच मी लिहिलं होतं. अभयारण्याकाठच्या चापडगावात गावातलीच पोरं गाइडचं काम करतात, पक्ष्यांची नावं मराठी-इंग्रजीत धडाधड सांगतात. त्यांना जाऊन विचारा हा कोणाचा शौक आहे ते.

नोकऱ्या नि पगाराचं नंतर कधी लिहीन, तो या लेखाचा विषय नव्हता.

रविवारी सकाळी साडेसहाला चापडगावच्या पक्षी बघायच्या टॉवरपाशी आम्ही पोरं घेऊन असू. यायचं तर जरूर या, फक्त पोरांसमोर तो शब्द काढू नका.