खपली किती वेळा काढायची?

महाराष्ट्रात 'ट्रॉमा' हा शब्द महामार्गावरच्या पाटीवर भेटतो. ट्रॉमा केअर युनिट म्हणजे अपघातात हाडं मोडलेल्यांचा दवाखाना. अमेरिकेत हाच शब्द मनाच्या जखमेसाठी वापरतात आणि आता तो शाळा, पोलीस ठाणी, ग्रंथालयं सगळ्यांना चिकटला आहे. 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड', म्हणजे ती जखम ध्यानात ठेवून काम करणारी शाळा, 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड' शहर. अनुदानाच्या अर्जात तो नसला तर अर्जच अपुरा वाटावा, इतका तो चलनी झाला आहे. चलनी शब्दांचं पुढे जे होतं ते त्याचंही थोडंफार झालंय. तरी त्याच्या मागे एक कामाची गोष्ट आहे आणि महाराष्ट्रातल्या चर्चेत नेमकी तीच हरवते.

बदलापूरचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराची बातमी फुटली, लोकांनी रेल्वे रोखली, फाशीची मागणी झाली. महिनाभरात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि वाद चकमकीकडे वळला. मराठी व्हॉट्सअॅप गटांवरही दोनच सूर होते. एक 'भर चौकात लटकवा', दुसरा 'आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे, समुपदेशनाची थेरं गोऱ्यांना लखलाभ'. तक्रार नोंदवायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं, त्यावर उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले. त्या तासांवर मात्र कुणी फार बोललं नाही. गुन्हेगाराचं काय करायचं याचा हिशेब सगळ्यांकडे होता. त्या मुलींना झाली गोष्ट एकूण किती जणांना सांगावी लागेल, हा हिशेब कुणी मांडला नाही.

अमेरिकी सरकारच्या सॅम्सा या मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीचं काम पाहणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये या विषयाची व्याख्या चार कलमांत केली: आघात काय करतो हे समजणं, त्याच्या खुणा ओळखणं, त्याला धरून कामाची पद्धत बदलणं आणि पुन्हा जखम होऊ न देणं. पहिल्या तिन्हींची प्रशिक्षणं होतात, प्रमाणपत्रं मिळतात, फोटो निघतात. चौथं कलम महाग नाही, पण त्यात कुणाला तरी आपला अधिकार थोडा सोडावा लागतो. म्हणून ते मागे पडतं, तिथेही आणि इथेही.

गंमत अशी की भारताने हे चौथं कलम दोन वर्षं आधी कायद्यात लिहून ठेवलं होतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा उघडून पाहा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, गणवेश नको, मूल रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. कोर्टात वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारायचे, मध्ये विश्रांती द्यायची, साक्षीला पुन्हापुन्हा बोलवायचं नाही, आरोपी समोर दिसू द्यायचा नाही. अमेरिकेतल्या कुठल्याही कार्यशाळेत हा मजकूर वाचून दाखवला तर लोक वहीत उतरवून घेतील.

मग बिघडतं कुठे? 'शक्यतो' या शब्दात. महिला उपनिरीक्षक रजेवर किंवा बंदोबस्तावर असते, ठाण्यात वेगळी खोली नसते, साधे कपडे घालायला कुणाला वेळ नसतो. आणि हे सगळं नीट पार पडलं तरी मूल तीच गोष्ट शाळेत सांगतं, मग ठाण्यात, मग रुग्णालयात डॉक्टरांना, मग बालकल्याण समितीपुढे, मग दंडाधिकाऱ्यांपुढे, मग कोर्टात. प्रत्येक जण आपापल्या कागदापुरता सौजन्याने विचारतो. खपली मात्र सहा वेळा निघते. शिवाय सहा वेळा सांगितलेल्या गोष्टीत सहा बारीक फरक पडतात आणि बचावाचा वकील नेमके तेच शोधत असतो.

अमेरिकेत हीच रड होती. १९८५ मध्ये अलाबामातल्या हंट्सव्हिल गावी तिथल्या जिल्हा सरकारी वकिलांनी पुढाकार घेऊन एक घर थाटलं. यंत्रणेने मुलाकडे, म्हणजे त्या घरी यायचं. मुलाने कचेऱ्या हिंडायच्या नाहीत. आज देशभर अशी नऊशेहून अधिक केंद्रं आहेत. खोली लहान आणि साधी असते, कारण खेळण्यांचा ढीग असला की लक्ष उडतं. मुलाशी एकच प्रशिक्षित माणूस बोलतो. पोलीस, सरकारी वकील, बालसंरक्षण अधिकारी पलीकडच्या खोलीत पडद्यावर पाहतात आणि राहिलेले प्रश्न मध्यंतरात किंवा कानातल्या यंत्रातून पोचवतात. 'त्याने तुला हात लावला ना?' असं विचारायचं नाही. 'काय झालं ते सुरुवातीपासून सांग' म्हणायचं आणि गप्प बसायचं. यात दया-माया आहेच, पण हिशेबही आहे. उत्तर सुचवणारा प्रश्न कोर्टात साक्ष मारतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात अशा साक्षीदारांसाठी कोर्टांत वेगळी केंद्रं उभारायला सांगितलं. पण ती साखळीची शेवटची कडी. पहिल्या पाच कड्या अजून सुट्याच आहेत.

अमेरिकेतून जे उचलू नये तेही सांगायला हवं, कारण महाराष्ट्रात परदेशी माल निवडताना आधी वेष्टण पाहिलं जातं. ते वेष्टण म्हणजे बालपणातल्या त्रासाची प्रश्नावली. सॅन डिएगोच्या कायझर परमनंटे या आरोग्यसंस्थेत फेलिटी आणि आन्दा या डॉक्टरांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढांना बालपणीच्या हालअपेष्टांबद्दल विचारलं. १९९८ मध्ये त्यातल्या पहिल्या फेरीचे निष्कर्ष छापून आले: जितके प्रकार जास्त, तितके पुढे हृदयविकार, व्यसनं, नैराश्य जास्त. अभ्यास मोलाचा, पण तो लोकसंख्येचा होता. लोकांनी त्यातून माणसागणिक गुण काढले. कॅलिफोर्नियाने २०२० पासून मेडिकॅल या सरकारी विम्यात अशा एका तपासणीमागे डॉक्टरला २९ डॉलर द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी खुद्द आन्दांनी लिहिलं की हे गुण एकेका माणसाचं भविष्य सांगायला वापरू नका. दोघांना सारखेच चार गुण मिळतात. एकाच्या वाट्याला चार प्रकार एकदाच आलेले असतात, दुसऱ्याने चारही रोज सोसलेले असतात. शिवाय डॉक्टरवर मुलांचा संशयित छळ कळवायची सक्ती आहे, त्यामुळे आई खरं सांगायला बिचकते. त्यावर तोड म्हणून फॉर्मची एक आवृत्ती अशी आहे की काय घडलं ते न सांगता फक्त बेरीज लिहायची. बेरीज आली, पुढे पाठवायला समुपदेशक नाही, असं झालं की प्रश्नावली नुसतीच खपली काढते. जिल्हा परिषदेच्या शाळांत उद्या असा फॉर्म वाटला तर तो भरलेला गठ्ठा कुणाच्या कपाटात राहील, एवढंच डोळ्यांपुढे आणावं.

दुसरी न उचलण्याची गोष्ट म्हणजे अनुदानाची कुबडी. टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारानंतर २०२२ मध्ये शालेय मानसिक आरोग्यासाठी मंजूर झालेल्या निधीतली सुमारे एक अब्ज डॉलरची अनुदानं एप्रिल २०२५ मध्ये सरकारने थांबवायचं ठरवलं. प्रकरण कोर्टात गेलं. वर ज्या सॅम्साचा उल्लेख केला, तिच्या विलीनीकरणाची घोषणाही त्याच वर्षी झाली. प्रकल्पावर नेमलेली माणसं प्रकल्पाबरोबर जातात. पोलिसाच्या, शिक्षकाच्या, तलाठ्याच्या रोजच्या कामात जे मुरलेलं असतं ते टिकतं.

कुटुंबव्यवस्थेच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धं. अमेरिकेत मर्तिकाच्या रजेचा केंद्रीय कायदासुद्धा नाही. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की तेरा दिवस चूल शेजारी सांभाळतात, माणूस एकटा पडत नाही. पण तेरावं झालं की पाहुणे पांगतात आणि त्यानंतर सरकार दारात येतं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोचं पाहा. लाखाच्या मदतीसाठी, तीही तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, प्रकरण आधी 'पात्र' ठरावं लागतं. सातबारा, कर्जाचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, पंचनामा. पोलीस येतात, तलाठी येतो, तहसील कार्यालयातून कुणी येतं. 'दारू घ्यायचा का?' हा प्रश्न दीर आणि सासऱ्यांच्या देखत विचारला जातो. अपात्र ठरलं तर ते कुणी समोर बसून सांगत नाही.

इथे कायदा बदलायची गरज नाही, क्रम बदलायची आहे. जबाब एकाच माणसाने, शक्य तर बाईने, एकदाच घ्यावा. आधी विचारावं, 'सोबत कुणाला बसवू?' उभ्याने, वही मांडीवर टेकवून विचारू नये. तिच्या पातळीवर बसावं. पात्रता ठरवणाऱ्या समितीला जेवढं लागतं तेवढंच विचारावं आणि त्याची प्रत बाकी सगळ्यांनी वापरावी. निर्णय कधी लागेल ती तारीख द्यावी. अपात्र ठरलं तर कारण तोंडी सांगून त्याच बैठकीत वारसनोंद, संजय गांधी निराधार योजना, मुलांसाठी बालसंगोपन योजना यांचे अर्ज पुढे ठेवावेत. आणि दोन-अडीच महिन्यांनी, दारातली वर्दळ संपलेली असताना, आशाताईंनी एक फेरी मारावी.

मोठी दुर्घटना झाली की दुसऱ्याच दिवशी समुपदेशकांचं पथक पाठवून सगळ्यांना 'बोलतं' करण्याची हौसही आवरायला हवी. अशी एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत अमेरिकेत एकेकाळी जोरात होती. चाचण्यांचा आढावा घेतल्यावर दिसलं की त्याने पुढचा मानसिक विकार टळत नाही, काहींना उलट त्रास होतो. जीव अजून धास्तावलेला असताना आठवण उकरली की ती अधिक खोल रुतते, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची पुस्तिका तीनच गोष्टी सांगते: पाहा, ऐका, जोडा. पाणी, पांघरूण, नातेवाइकांचा फोन आधी. बोलायचं असेल त्याचं ऐका, नसेल त्याला विचारू नका. ज्यांची झोप महिन्यानंतरही परतत नाही त्यांच्यासाठी पुढची माणसं ठरलेली हवीत, आणि ती गावातलीच असू शकतात. नाशिकच्या पेठ तालुक्यात सुरू होऊन पुढे गुजरातच्या मेहसाणात पसरलेल्या 'आत्मीयता' उपक्रमात गावकरीच शिकून चार ते सहा भेटींत आधार देतात आणि गरज पडली तर डॉक्टरपर्यंत पोचवतात.

उचलायची म्हणून एकच गोष्ट निवडायची झाली तर ती वेस्ट व्हर्जिनियातली. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण तिथे अमेरिकेत सर्वाधिक राहिलं आहे. २०१३ मध्ये चार्ल्सटन शहरात एक साधी रीत सुरू झाली. रात्री घरात मारहाण, धाड, अपघात काहीही झालं आणि तिथे मूल दिसलं, तर पोलीस त्याचं नाव, वय आणि शाळा विचारून घेतो. सकाळी घंटा व्हायच्या आत शाळेला नाव आणि इंग्रजीतले तीन शब्द पोचतात: हँडल विथ केअर. काय झालं ते कळवत नाहीत. शिक्षक त्या दिवशीची चाचणी पुढे ढकलतात, डुलकी लागली तर झोपू देतात, गृहपाठ नसला तर रागवत नाहीत. वर्तन बिघडलेलं दिसलं तरच समुपदेशक.

मराठीत दोनच शब्द पुरतील: जपून घ्या. पोलीस पाटलाने परिपाठाच्या आधी मुख्याध्यापकांना, मुख्याध्यापकांनी वर्गशिक्षकांना. फोनवर किंवा समोरासमोर, कारण शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर नाव पडलं की दुपारच्या सुट्टीआधी ते गावभर होतं. आणि वर्गशिक्षकांना एक ताकीद आधीच द्यावी लागेल: हजेरी घेताना सगळ्यांसमोर 'काय रे, काल काय झालं तुमच्याकडे?' असं विचारायचं नाही.